पुस्तक जिथे आपोआप उघडतं

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सोबत पार्सल आहे. ते उघडण्याआधी हे पत्र वाच, आणि पत्र वाचण्याआधी खाली बस. बसलीस? मला लग्न करायचंय.

आता लगेच उठून बाबांना हाका मारू नकोस, पुढचं वाच. तो दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवतो. डॉक्टर माप घेतात, दात हा घडवतो. डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर फोटो बघून तू म्हणशील की लपवलं. माझी दाढ तुटली होती म्हणून मी तिथे गेले होते. बाहेरच्या बाकावर गाल धरून कादंबरी वाचत बसले होते, तेवढ्यात हा प्लास्टरनं पांढरा झालेला अ‍ॅप्रन घालून बाहेर आला. त्याच्या काखेत तीच कादंबरी, तीच आवृत्ती! बंदरातल्या घड्याळवाल्याच्या बायकोची ती जाडजूड गोष्ट गं, लायब्ररीची प्रत तू दर दोन वर्षांनी शिवतेस ती. आम्ही आधी एकमेकांची पुस्तकं बघितली, तोंडं नंतर.

आपल्या घरची रीत मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितली. लग्न करून घरात येणाऱ्या माणसानं स्वतःचं सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तक द्यायचं, ते तू उसवून तपासायचंस, पुन्हा बांधायचंस, आणि पसंत पडलं तर हॉलमधल्या कपाटात ठेवायचंस. तो म्हणाला, 'म्हणजे तुमच्याकडे मुलगा बघत नाहीत, पुस्तक बघतात. बरं झालं, मी दिसायला यथातथाच आहे.' आणि दुसऱ्याच दिवशी आपली प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली.

तेव्हा बघ, आणि निकाल कळव. लहानपणी मैत्रिणींना मी सांगायचे की माझी आत्या पुस्तक हातात घेऊन माणूस ओळखते. त्यांच्या आत्यांना फार तर लोणी ताजं की शिळं ते ओळखता यायचं. फक्त तुझं स्वतःचं पुस्तक तू आम्हाला कधी दाखवलं नाहीस. विचारलं की म्हणतेस, 'मी कुठून आलेली नाही, इथलीच आहे.'

माझं ऑफिस नेहमीसारखं, पाण्याच्या पाइपांचे नकाशे आणि त्यांच्यावरून होणारी भांडणं. एक-दोन गोष्टी बोलायच्या आहेत, पण त्या भेटल्यावर. पार्सल जेवणाच्या सुट्टीत घाईघाईत बांधलंय, गाठी बघून हसू नकोस.

तुझी,
ठकी


१४ फेब्रुवारी

ठके,

हसले नाही, लाज वाटली. बाइंडिंगवालीची भाची आणि सुतळीला असली गाठ! शेवटी कात्री लावावी लागली. तू माझ्या हाताखाली शिकलीस हे तिकडे कुणाला सांगू नकोस.

बातमीनं मात्र हरखून गेले. तुझ्या बापाला सांगितलं तर म्हणतो, 'कवळ्या करतो? चला, म्हातारपणाची सोय झाली.' की पुन्हा डोकं पेपरात. हा धाकटा भाऊ छोट्या जाहिरातींपलीकडे जन्मात काही वाचणार नाही, हे मी तो शाळेत असतानाच ओळखलं होतं. मी दिवसभर दुकानात येईल त्याला सांगत सुटले, 'भाचीचं पुस्तक आलंय.' सगळ्यांना अर्थ माहीत आहे. छापखान्याच्या मॅनेजरनं तर हात मिळवला.

आणि कादंबरीचं नाव बघून ऊर भरून आला. पण तुला ठाऊक आहे, मी नावावर जात नाही. नावं लोक मिरवायला सांगतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं तत्त्वज्ञानाचा ठोकळा दिला होता, पहिल्या फर्म्याच्या सोळा पानांपुढे सगळं कोरं करकरीत. तेव्हाच म्हटलं होतं, गडी सुरुवात जोरात करणार. पुढे त्यानं तीन धंदे काढले आणि तिन्ही वर्षाच्या आत बसले. माणूस लाख, ते सोड. तुझ्या आजीनं दिलेल्या रहस्यकथेचं शेवटचं पान तिनं स्वतःच फाडून ठेवलं होतं, का, तर घरात कुणी आधी शेवट बघू नये. तिच्या संसारातही शेवटचा शब्द तिनं कुणाला मिळू दिला नाही. आणि तुझ्या आईनं दिलं रेल्वेचं वेळापत्रक. सगळे खो खो हसले. मी नाही हसले. डोंगरापलीकडे जाणाऱ्या गाड्यांची पानं बोटं फिरवून फिरवून कापडासारखी मऊ झाली होती. घरातल्या एकाच पुस्तकाला मी चामड्याची बांधणी केली आहे, ती त्याला.

तेव्हा रीतीप्रमाणे तुझ्या कवळीवाल्याचं पुस्तक कण्यावर उभं धरलं आणि हात सोडले. जिथे उघडतं तिथे माणूस असतो. तीनदा सोडलं, तिन्ही वेळा एकाच जागी उघडलं. घड्याळवाल्याची बायको बॅग घेऊन धक्क्यावर येते, तिकीट हातात, जहाजाचा भोंगा होतो, आणि ती मागे फिरते. घरी येऊन कांदा चिरायला घेते, नवऱ्याला पत्ताही लागत नाही. त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून तुटलाय. त्या फर्म्याची शिवण सैल झाली आहे. पुढचं प्रकरण मात्र स्वच्छ. म्हणजे वाचणारा पुढे जातच नाही, उलटा येतो आणि पुन्हा धक्क्यावर उभा राहतो.

ठके, असल्या माणसाशी लग्न करू नकोस. याला जायचंय कुठेतरी, आणि सांगायची छाती नाही. पळपुटा परवडला, तो निदान पळून तरी जातो. हा घरात राहील, गोड बोलेल, सगळ्यांना हो म्हणेल, आणि आतल्या आत कुढत राहील. एक दिवस तोच राग तुझ्यावर काढेल. या कपाटात मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. याला म्हणते.

तुझी आत्या


२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो एका दाताला पॉलिश करत होता. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, 'ही बाई कुणाबद्दल बोलतेय? मला सिनेमा आवडला नाही तर मी मध्येच उठून येतो.' त्याला हसू येत होतं, आणि मी रागानं लालबुंद.

आत्या, हा माणूस मनातलं लपवत नाही हीच तर त्याची खोड आहे. माप चुकलं तर पेशंटसमोर डॉक्टरांना सांगतो, 'हे परत घ्या.' माझा नवा चष्मा बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, घुबड दिसतेस. कुढणारी माणसं मी पाहिली आहेत, हा त्यातला नाही. तुझ्या हातांचा मला जन्मभर अभिमान वाटत आला, पण या वेळी तुझा नेम चुकलाय. पुन्हा एकदा नीट बघ.

आणि एक स्पष्ट सांगते. तू नको म्हणालीस म्हणून मी त्याला सोडणार नाही. पण तू हो म्हटल्याशिवाय लग्नाला उभी राहीन, एवढंही बळ माझ्यात नाही. आता माझं काय करायचं ते तूच सांग.

ठकी


१ मार्च

ठके,

माझा नेम चुकला म्हणे! हात हल्ली जरा थरथरतो, नेम नाही.

तरी तुझ्या शब्दाखातर पुस्तक अख्खं उसवलं, दोरा न् दोरा सोडवला. आणि जे सापडलं ते लिहायला जीव होत नाही. धक्क्याच्याच प्रकरणात, शिवणीत अडकलेला, एक केस. हातभर लांब, टोकाला वळलेला. तुझा तो तर टकला! बाईचा केस आहे, ठके. आणि त्याच पानांवर संत्र्याच्या सालीचे पिवळे शिंतोडे. म्हणजे पुस्तक मांडीवर घेऊन संत्री सोलत बसणारी कुणीतरी बया त्याच्या आयुष्यात आहे. पुस्तकावर संत्रं! या एका सवयीवरून तुला लहानपणी मी किती बोलणी घातली असतील, आठवून बघ, म्हणजे ती बाई कसली आळशी असेल ते कळेल.

विचार त्याला. चिडू नकोस, रडू नकोस, नुसता प्रश्न विचार आणि तोंडाकडे बघ.

मला हे सांगताना आनंद होत नाहीये. दुकानात लोक विचारतात निकाल काय लागला, मी म्हणते बांधणीची खळ वाळतेय. तू इथे परत येशील, दुकान हातात घेशील, तुझा नवरा कोपऱ्यात बसून दात घडवेल, लोक एका फेरीत पुस्तकं आणि कवळ्या दोन्ही नेतील, असं मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. त्याच्यासाठी खिडकीजवळची जागासुद्धा रिकामी केली. असो.

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

ती संत्री सोलणारी आळशी बया मी आहे.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग टेबलावर उरलेलं पुस्तक उघडून बघितलं. आमच्या दोघांच्या प्रती माझ्या टेबलावर एकीवर एक पडल्या होत्या. घाईत मी माझीच बांधली. कॉलेजात असताना घेतलेली, म्हणून तू ती कधी पाहिली नव्हतीस. केस माझा, शिंतोडे माझे, तुटलेला कोपरा माझा. मग तुझं आधीचं पत्र काढलं आणि 'हा'च्या जागी 'ही' घालून वाचलं. बाकी एकही शब्द बदलावा लागला नाही.

भेटल्यावर बोलायच्या म्हटलेल्या गोष्टी आताच सांगते. समुद्राचा तळ मोजायचं काम मिळालंय. जहाजातून यंत्र सोडायचं, खाली डोंगर आहे की दरी ते बघायचं, आणि जिथे आजवर कुणी रेघ ओढली नाही तिथला नकाशा करायचा. लांबच्या बेटावर, तीन वर्षं, कदाचित जास्त. माझी निवड झाली आत्या, सत्तर जणांतून. हे मी तुला ओरडून सांगायला हवं होतं. पण फोन उचलला की आपल्या दुकानाची पाटी डोळ्यांपुढे यायची. 'आत्या-भाची बाइंडिंग.' मी चौथीत असताना तू रंगवून घेतलीस, आणि मला खांद्यावर बसवून वाचायला लावलीस. ती पाटी आठवली की मी फोन ठेवायचे, आणि कांदा चिरायला घ्यायचे.

त्याला सगळं माहीत आहे. तो म्हणतो, 'बेटावरच्या माणसांनाही दात असतात, नाहीतर नसतात. दोन्हीकडून माझं काम आहे.' आत्याला आधी सांग म्हणून माझ्या मागे लागला होता. मीच पुढे ढकलत राहिले. त्याची खरी प्रत वेगळ्या पार्सलनं पाठवतेय, तो तरी नीट तपासला जाऊ दे.

महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तू ये म्हणालीस तर आनंदानं येईन, असं लिहायला बसले होते. पण पुस्तक वाचतेस तसं तू हे पत्र उजेडात धरशील, आणि तुला ते खोटं दिसेल. मला जायचंय आत्या.

ठकी


१८ मार्च

चि. ठकीस,

तुझं पत्र आल्यापासून ताईनं दुकान उघडलेलं नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, 'जन्मात एक पुस्तक वाचलं असतंस तर तुला कळलं असतं.' म्हणून मी पेपर उघडला. रिकाम्या केलेल्या खिडकीत ती स्वतःच जाऊन बसते.

काल त्या मुलाचं पुस्तक आलं. दुपारी आतून हसण्याचा आवाज आला, चांगला मोठ्यानं. मी पेपर खाली ठेवला. आज सकाळी तिनं खळ शिजवायला ठेवली आहे. एवढंच कळवायचं होतं.

तुझा बाबा


२४ मार्च

ठके,

आधी कवळीवाल्याचं. त्याचं पुस्तक सोडलं ते धक्क्याच्या आसपासही उघडलं नाही. उघडलं खानावळीत. तिथला स्वयंपाकी सगळ्या लोकांसमोर कप्तानाला सांगतो की तुमच्या वादळाच्या गोष्टी थापा आहेत, आणि लगेच त्याच्याच ताटात आणखी एक मासा वाढतो. त्या पानांवर प्लास्टरचे ठसे आहेत, रश्शाचे डाग आहेत, एका ठिकाणी चक्क दाताचा ठसा आहे, कुणाचा ते विचारू नकोस. मी वाचत गेले आणि तुझ्या बापानं पेपर खाली ठेवेपर्यंत हसले. तोंडावर बोलणारी माणसं खूप असतात, बोलून झाल्यावर वाढणारी कमी. पसंत आहे. निळ्या कापडात बांधलाय, तुझ्या आईच्या वेळापत्रकाशेजारी ठेवलाय.

आता तू. राग आला होता, खोटं कशाला बोलू? वेणी घालायला बसवलं की तुझ्या मनात काय चाललंय ते मला मागून कळायचं. आणि त्याच मुलीचं पुस्तक मी तीनदा हातातून सोडलं, अख्खं पानभर तिच्याबद्दल लिहिलं, केससुद्धा बोटाला गुंडाळून बघितला, आणि ओळखली नाही! हे डोक्यातून जाईना. खिडकीत बसून बसून पाठ आखडली.

मग एका दुपारी वाटलं, अगं, पण नेम तर बरोबर लागला होता! एक शब्द बदलावा लागला नाही, असं तूच लिहिलंस. ते वाक्य मी छापखान्याच्या मॅनेजरला वाचून दाखवलं. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण एवढा नेमका निकाल मी दुसऱ्या कुणाचा दिला नव्हता. तेव्हा शिव्या घातल्या त्या काही मागे घेत नाही. फक्त त्या आता जुन्या झाल्या. तुझं पत्र उजेडात धरलं मी. शेवटच्या ओळीत तू मागे फिरलेली नाहीस.

सत्तर जणांतून! हे तू पत्राच्या मधोमध घुसडून दिलंस, मूर्ख कुठली. असलं पहिल्या ओळीत लिहायचं असतं. मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगून आले. किराणावाल्यानं विचारलं, समुद्राचा तळ मोजून करायचं काय? मी म्हटलं, तुझा तराजू तिथवर पोचत नाही, तू मधे पडू नकोस. तुझ्या आईला त्या वेळापत्रकातल्या एकाही गाडीत बसायला वेळ मिळाला नाही. तुला मिळालाय. जा, आणि तिच्याही वाटचं बघून ये.

पाटीचं काय, म्हणून रडत बसशील, तर ऐक. ती बदलणार नाही, नुसता रंग नवा देणार आहे. आजवर लोक ती वाचून दुकानात डोकावायचे आणि भाची दिसली नाही की गप्प बसायचे. आता विचारू देत, भाची कुठे? मला सांगायला मिळेल.

तुझं पुस्तक कपाटात ठेवलेलं नाही, ते कपाट घरात येणाऱ्यांचं आहे. शिवून परत पाठवतेय. धक्क्याच्या फर्म्याला दुहेरी दोरा घातलाय. आता हात सोडलेस तर ते कुठेही उघडेल. सोबत एक लहान पार्सल आहे, त्यात माझं पुस्तक. बेटावर पोचल्यावरच उघड. गाठ माझी आहे, तुझ्यानं सहजासहजी सुटायची नाही.

अनेक आशीर्वाद,
तुझी आत्या


२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझी गाठ सोडायला अख्खी सकाळ गेली. कात्री हातात होती, लावली नाही.

बेटावर येऊन पाच दिवस झाले. आमची खोली होड्यांच्या दुरुस्तीच्या शेडच्या वर आहे, खाली हातोडे चालू असतात. काल पहिल्यांदा जहाजावरून यंत्र खाली सोडलं. बराच वेळ पडद्यावर काही नाही, आणि मग एकदम कडा दिसला, सरळ खाली गेलेला. कागदावर पहिली रेघ मी ओढली. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण गाठीचं आधी सांगितल्यावाचून राहवेना. तुझ्या जावयाकडे दोन म्हातारे येऊन बसतात, दोघांची भांडणं कवळी आधी कुणाची यावरून. लग्नाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर तोंड उघडून त्याला दाखवलंस, तेव्हा घेतलेल्या मापाची तुझी कवळी पुढच्या टपालानं येईल. तो म्हणतो, बोलण्याचा जोर बघून मजबूत केली आहे.

तुझं पुस्तक. मला वाटलं होतं काहीतरी जाडजूड, मानाचं निघेल. निघालं ते माझं चित्रांचं गोष्टीचं पुस्तक, शाळेत जायच्या आधी रोज तुझ्याकडून वाचून घ्यायचे ते. मला अक्षरं यायला लागली आणि मी ते टाकून दिलं. पण त्यात चार तऱ्हांचे दोरे आहेत आत्या, म्हणजे नंतर तू ते चार वेळा शिवलंस. मी टाकल्यावरही तू वाचत होतीस.

कण्यावर उभं धरलं आणि हात सोडले. होडीचं पान उघडलं. मुलगी वल्हं मारत निघाली आहे, आणि होडीवर माझ्या इवल्या अंगठ्याचा पिवळा डाग, संत्र्याचा. मला ही होडीच आठवत होती. काठावर एक बाई उभी आहे, ती मी कधी पाहिलीच नव्हती. तिच्या जागी कागद झिजून पांढरा झालाय, तिथे मोठ्या माणसाचा अंगठा टेकायचा. तोंड पुसलं गेलंय. वर केलेला हात दिसतो, आणि मान ताठ आहे, तीही दिसते.

तो मागून येऊन बघत होता. म्हणाला, 'ही कोण?'

मी म्हटलं, 'माझी आत्या. बाइंडिंगचं दुकान आहे तिचं. पाटीवर मीही आहे.'

तुझी,
भाची